वेश्याव्यवसाय, परवाना आणि स्त्रीची सुरक्षितता

भारतात सज्ञान स्त्रीने स्वतःच्या मर्जीने, एकटीने आणि आडोशाला पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा नाही. त्याभोवतीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट मात्र गुन्हा आहे. याबाबतचा मूळ कायदा १९५६ चा. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्याला ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ हे नाव मिळाले. पोलीस ठाण्यात आणि वर्तमानपत्रात तो ‘पिटा’ या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखला जातो. कुंटणखाना चालवणे, स्त्रीला या धंद्यात आणणे, तिला डांबून ठेवणे हे त्यातले गंभीर गुन्हे, आणि ते गुन्हे असलेच पाहिजेत. त्याच कायद्यात आणखी काही कलमे आहेत. त्यांचा भार दलालावर कमी आणि बाईवर अधिक पडतो.

कुंटणखान्याची व्याख्याच पाहावी. दोन किंवा अधिक स्त्रिया परस्परांच्या फायद्यासाठी एका जागेत हा धंदा करत असतील, तरी ती जागा कुंटणखाना ठरते. म्हणजे दलाल नको, घरवाली नको, दोघी मिळून खोली घेऊ आणि एकमेकींवर लक्ष ठेवू, असे दोन स्त्रियांनी ठरवले की त्या गुन्हेगार होतात. एकटीने राहिली तर कायद्याच्या दृष्टीने ती निर्दोष, पण गिऱ्हाइकाच्या तावडीत एकटी. चौथे कलम वेश्येच्या कमाईवर जगणाऱ्या सज्ञान व्यक्तीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. हेतू दलालाला पकडण्याचा आहे, पण शब्दांच्या कक्षेत तिची म्हातारी आई आणि अठरा वर्षे पुरी झालेला, शिकणारा मुलगाही येतो. आठवे कलम गिऱ्हाइकाला खुणावण्याबद्दल स्त्रीला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद देते. तेच कृत्य पुरुषाने केल्यास त्याच कलमात सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे. एकाच कृत्याला बाईला दुप्पट शिक्षा, हा भेद आजही कायद्याच्या पुस्तकात तसाच छापलेला आहे.

सातवे कलम देवस्थान, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत वेश्याव्यवसायाला मनाई करते. मुंबईसारख्या शहरात या अंतराचा काही अर्थ लागू शकतो. रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूरच्या किंवा बिरवाडीच्या बाजारपेठेत कुठेही उभे राहिले, तरी एक तरी देऊळ, शाळा किंवा दवाखाना दोनशे मीटरच्या आत येतो. लहान गावात एकटीने, आडोशाला केलेल्या कृत्याला कायद्याने दिलेली सूट अशा रीतीने कागदावरच राहते.

या स्थितीवर उपाय म्हणून ‘वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा’ ही मागणी अधूनमधून पुढे येते. या एका वाक्यात दोन अगदी निराळ्या व्यवस्था मिसळलेल्या असतात. पहिलीत सरकार परवाना देते, स्त्रियांची नोंद ठेवते, जागा ठरवून देते, ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी सक्तीची करते, आणि या चौकटीत न बसणारी स्त्री बेकायदा ठरते. दुसरीत परवाना नसतो. सज्ञान व्यक्तीच्या संमतीने चाललेला व्यवहार फौजदारी कायद्यातून काढून टाकला जातो, आणि जबरदस्ती, फसवणूक, अल्पवयीन मुलींचा वापर व मारहाण यांच्यावरील कायदे तसेच राहतात. तिसरा मार्ग स्वीडनने १९९९ मध्ये घेतला. त्यात विकणारी स्त्री निर्दोष आणि विकत घेणारा पुरुष दोषी. भारतात २००६ च्या दुरुस्ती विधेयकात स्त्रीवरचे खुणावण्याचे कलम काढण्याची आणि गिऱ्हाइकाला शिक्षा करण्याची तरतूद होती. ते विधेयक मंजूर न होताच बारगळले. स्त्री अधिक सुरक्षित होईल का, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणती व्यवस्था डोळ्यांसमोर आहे यावर अवलंबून आहे.

परवाना आणि नोंदवही महाराष्ट्राला नवी नाही. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचवण्यासाठी इंग्रज सरकारने १८६४ च्या छावणी कायद्याने लष्करी ठाण्यांभोवतीच्या वेश्यांची नोंदणी सुरू केली. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने ती मोठ्या शहरांत आणली, आणि मुंबईत तिचा अंमल १८७० मध्ये सुरू झाला. नोंद झालेल्या स्त्रीला ठरावीक दिवशी डॉक्टरपुढे उभे राहावे लागे. रोग आढळला की तिला ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या बंदिस्त रुग्णालयात टाकले जाई. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची तपासणी कधीच होत नसे. त्यामुळे बाई बरी होऊन बाहेर आली, की तोच रोग त्याच पुरुषाकडून परत येई. नोंदणीपासून वाचण्यासाठी स्त्रिया पत्ते बदलत, शहराची हद्द ओलांडत. मुंबईतला अंमल दोन वर्षांत थांबला, पुढे पुन्हा सुरू झाला, आणि इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांच्या चळवळीने तिथला कायदा १८८६ मध्ये मोडीत निघाल्यावर इथलाही १८८८ मध्ये रद्द झाला. त्या व्यवस्थेत स्त्रीचे नाव सरकारी दप्तरात गेले आणि तिच्या जिवाची हमी मात्र कोणी घेतली नाही.

नोंदणीचा कायदा गेल्यावरही मुंबई पोलिसांची नजर या वस्त्यांवर होती. काही गल्ल्यांत हा धंदा चालू द्यायचा आणि इतरत्र हुसकावायचा, असा त्यांचा रिवाज होता. त्याच नजरेखाली १९१७ मध्ये डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या तरुणीचा, ती पळून जाऊ पाहत होती म्हणून, चालकांनी छळ करून खून केला. खटला उभा राहिला, शहर हादरले, आणि १९२३ मध्ये मुंबई प्रांताने वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा केला. अकूताईच्या प्रकरणातली सर्वांत कडवट बाब अशी की ती कुठल्या अज्ञात कोपऱ्यात मेली नाही. जागा पोलिसांना ठाऊक होती, धंदाही ठाऊक होता. वस्तीवर देखरेख होती, पण कोंडलेल्या बाईला त्या देखरेखीकडे दाद मागता येईल असा एकही रस्ता नव्हता. परवानापद्धतीचे समर्थन करताना ‘सगळे डोळ्यांसमोर राहील’ असे म्हटले जाते. डोळ्यांसमोर असणे आणि संरक्षण मिळणे यांत किती अंतर असते, ते १९१७ मध्येच दिसले होते.

परदेशांतला अनुभव याच दिशेने जातो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात काही ग्रामीण परगण्यांत परवानाधारक कुंटणखाने आहेत. आठवड्याला आणि महिन्याला तपासण्या होतात, खोलीत धोक्याची घंटा असते. त्या भिंतींच्या आत मारहाण कमी आहे हे मान्य करावे लागते. पण तिथे वेळ, दर आणि बाहेर जाण्याची मुभा ठरवण्यात मालकाचाच हात वरचा राहतो, आणि राज्यातला बहुतांश व्यवसाय परवान्याबाहेर, लास व्हेगाससारख्या शहरांत, बेकायदाच चालतो. जर्मनीने २००२ मध्ये हा व्यवसाय रीतसर मान्य केला आणि २०१७ मध्ये प्रत्येक स्त्रीला नोंदणी व आरोग्य-सल्ला सक्तीचा केला. २०२२ अखेर तिथे नोंदलेल्यांची संख्या सुमारे २८ हजार होती, तर प्रत्यक्ष व्यवसायातल्यांचे अंदाज लाखांच्या घरात जातात. नोंद न करणाऱ्यांत परदेशी, गरीब आणि घरच्यांपासून काम लपवणाऱ्या स्त्रिया असणार हे उघड आहे. ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्याच या चौकटीबाहेर राहतात.

न्यूझीलंडने २००३ मध्ये दुसरा मार्ग घेतला. चारपर्यंत स्त्रिया आपली आपण जागा चालवत असतील, तर त्यांना परवाना लागत नाही. कुठल्याही क्षणी गिऱ्हाइकाला नकार देण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. पाच वर्षांनी झालेल्या सरकारी आढाव्यात, नकार देणे पूर्वीपेक्षा सोपे झाल्याचे निम्म्याहून अधिक स्त्रियांनी सांगितले. २०१४ मध्ये एका स्त्रीने कुंटणखान्याच्या चालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि मानवी हक्क न्यायाधिकरणाने तिला भरपाई देवविली. मालकाविरुद्ध दाद मागणारी वेश्या आपल्याकडे कल्पनेतही बसत नाही. हिंसा तिथेही संपली नाही, आणि तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी स्त्रियांना कायद्याने बाहेर ठेवल्यामुळे त्यांची असुरक्षितता कायम आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात कायद्यातल्या एका पळवाटेमुळे २००३ ते २००९ या काळात घराच्या आत चाललेला व्यवसाय गुन्हा राहिला नव्हता. त्या वर्षांत बलात्काराच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी आणि स्त्रियांमधला परमा सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे पुढच्या अभ्यासात आढळले. २०१८ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. पोलिसांच्या दडपशाहीला तोंड दिलेल्या स्त्रियांवर मारहाण किंवा बलात्कार होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट असल्याचे तिच्यात दिसले.

विरोधी बाजूचा आक्षेप हलका नाही. मुली पळवून आणून विकल्या जातात, कर्जाच्या पोटी वर्षानुवर्षे राबवल्या जातात, आणि ‘संमती’ हा शब्द अशा मुलीच्या बाबतीत क्रूर थट्टा ठरतो. सुमारे दीडशे देशांची आकडेवारी तपासणाऱ्या २०१३ च्या एका अभ्यासात, व्यवसाय कायदेशीर असलेल्या देशांत मानवी तस्करी अधिक नोंदली गेल्याचे आढळले. असली आकडेवारी किती कच्ची असते हे त्याच अभ्यासकांनी नमूदही केले. मागणी वाढली की पुरवठा करणारे सरसावतात, हा तर्क मोठ्या, नफ्यासाठी चालणाऱ्या परवानाधारक कुंटणखान्यांना नेमका लागू पडतो. म्हणजे हा आक्षेप परवानापद्धतीवर सर्वांत जास्त बसतो. दोघी-तिघींनी मिळून घेतलेल्या खोलीवर तो तसा बसत नाही. आणि तस्करी उघडकीस येण्याचा एक मार्ग शेजारच्या खोलीतली बाई हाच असतो. पोलिसांत गेल्यावर आपणच आत जाऊ, ही भीती तिला असेल तर तो मार्ग बंद होतो.

महाराष्ट्रात याचा सर्वांत बोलका पुरावा सांगलीचा आहे. १९९२ मध्ये तिथे ‘संग्राम’ ही संस्था एड्सविरोधी कामासाठी उभी राहिली, आणि काही वर्षांतच वस्तीतल्या बायकांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली. निरोध वाटणे, गिऱ्हाइकाला तो वापरायला लावणे, नव्या आलेल्या मुलीची चौकशी करणे, आजारी बाईला सरकारी दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या टोमण्यांना उत्तर देणे, ही कामे बायकांनी स्वतः अंगावर घेतली. एकटी बाई निरोधाचा आग्रह धरते तेव्हा गिऱ्हाईक शेजारणीकडे जाते. सगळी गल्ली आग्रह धरते तेव्हा त्याला जायला जागा उरत नाही. कोलकात्याच्या सोनागाछीतही याच पद्धतीने काम झाले. १९९० च्या दशकात मुंबईच्या वेश्यावस्त्यांत एचआयव्हीचे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले असताना सोनागाछीत ते त्याच्या अगदी लहानशा हिश्शावर थोपले. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या या स्त्रियांमधले प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. यात कुठेही परवाना नव्हता, सक्तीची तपासणी नव्हती. विश्वास बसलेल्या बाईने स्वतःहून दवाखान्याची पायरी चढणे, एवढेच होते.

धाडींचा परिणाम उलटा होतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत मोठी धाड घालून चारशेहून अधिक मुली-स्त्रियांना वस्त्यांतून काढण्यात आले. त्यांत अनेक नेपाळच्या होत्या, आणि एवढ्या जणींना ठेवायला धड जागाही नव्हती. मे २००५ मध्ये सांगलीच्या गोकुळनगरात धाड पडली, तेव्हा वर्षानुवर्षे चाललेल्या आरोग्यकामाची घडी विस्कटली. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरची गंगाजमुना वस्ती सातव्या कलमाचा आधार घेऊन बंद करण्यात आली. वस्ती उठली की धंदा थांबत नाही. बायका पांगतात आणि दवाखान्याच्या, मैत्रिणींच्या, ओळखीच्या हवालदाराच्याही आवाक्याबाहेर जातात.

ही पांगापांग आता महाराष्ट्राचे सर्वसाधारण चित्र होत चालली आहे. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या खोल्यांचे भाव चढले, इमारती पुनर्विकासात निघाल्या, आणि व्यवहार मोबाइलवर, लॉजमध्ये व घरांत गेला. देशातल्या या स्त्रियांची संख्या नऊ-दहा लाखांच्या घरात मोजली जाते. त्यांतल्या बहुतेकींचा ठरलेल्या वस्तीशी आज संबंध नाही. परवान्याची चर्चा मात्र अजून कामाठीपुरा आणि पुण्याची बुधवार पेठ समोर ठेवूनच होते. कायदा साऱ्या राज्याला लागू व्हायचा असेल, तर तो महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांवर लावून पाहिला पाहिजे. मुंबई-गोवा महामार्ग, महाडची औद्योगिक वसाहत, कशेडी, वरंध आणि आंबेनळी हे घाट, बाहेरगावाहून कामाला आलेले एकटे पुरुष आणि रात्री थांबणारे ट्रकचालक, हा प्रदेशाचा नकाशा आहे. ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगार यांच्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात वेगळी योजना आहे, ती अशाच ठिकाणांसाठी. इथे वेश्यावस्ती म्हणून ओळखली जाणारी गल्ली नाही, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचे घराणे, गाव, मुंबईतला पत्ता ठाऊक असतो.

अशा ठिकाणी परवान्यासाठी कोण अर्ज करील? तहसील कचेरीच्या किंवा नगरपरिषदेच्या खिडकीवर नाव, फोटो आणि आधार क्रमांक देणे म्हणजे संध्याकाळपर्यंत भावकीत बातमी पोहोचणे. नवऱ्याने टाकलेली, शेतीचा तुकडा दिराच्या ताब्यात गेलेली, मुलाची फी भरायची असलेली बाई हे करणार नाही. तिचा आजचा मुख्य बचाव निनावीपणा हाच आहे, आणि परवाना नेमका तोच काढून घेतो. ती नोंद करणार नाही, म्हणून ती बेकायदा राहील. बेकायदा राहील, म्हणून लॉजमालक तिच्याकडून वाटा घेईल, हप्ता मागणारा हप्ता मागेल, आणि गिऱ्हाइकाने मारले तर ती गप्प बसेल. शहरात काही परवानाधारक ठिकाणे थोडी सुरक्षित होतील आणि तालुक्यातली बाई आहे त्याहून वाईट जागी जाईल. हा व्यवहार मान्य करण्याजोगा नाही.

महाडमध्ये या विषयावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची भूमिका टाळता येत नाही, टाळूही नये. डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृतिदहनाच्या परिषदेच्या वेळी, त्यांनी इथे जमलेल्या स्त्रियांना स्वतंत्रपणे उद्देशून भाषण केले आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेला पेहराव व दागिने टाकून द्यायला सांगितले. साडेआठ वर्षांनी, १६ जून १९३६ रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी हा व्यवसाय सोडून इतर स्त्रियांसारखे कष्टाचे आणि मानाचे आयुष्य पत्करण्याची स्पष्ट मागणी केली. ती मागणी कठोर होती. तिच्यामागे एक सत्य होते : या बाजारात कोणत्या जातींच्या मुली येतात, हे योगायोगाने ठरत नव्हते. आजच्या हक्कवादी मांडणीत हे सत्य पुष्कळदा मागे पडते. सुरक्षिततेचा विचार करताना बाहेर पडण्याची वाटही तितकीच खरी ठेवावी लागते. आठव्या कलमाखाली शिक्षा झाल्याची नोंद, सुधारगृहातली दोन वर्षे आणि छापून आलेला फोटो यांनी ती वाट बंद होते. परवान्याच्या नोंदवहीतले नावही तेच करते. धंदा सोडून दहा वर्षे झाली, तरी दप्तरातले नाव सुटत नाही.

न्यायालयांनी अलीकडे काही दारे उघडली आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी मालाडच्या प्रकरणातल्या तीन सज्ञान तरुणींना सुधारगृहातून मुक्त केले. वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली स्वतः गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येत नाही, असे त्यांनी म्हटले. त्याच वर्षी करोनाच्या काळात राज्य सरकारने या स्त्रियांना ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा पाच हजार रुपये देऊ केले, शाळकरी मुले असलेल्यांना अडीच हजार अधिक. कुठलाही परवाना न मागता, ओळख उघड न करता मदत पोहोचवता येते, हे त्यातून दिसले.

१९ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सर्वांत महत्त्वाचा. कोलकात्यात १९९९ मध्ये झालेल्या एका वेश्येच्या खुनाच्या प्रकरणातून, ‘बुद्धदेव कर्मस्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या खटल्यातून, तो निघाला. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशींपैकी चारांवर केंद्र सरकारने आक्षेप घेतला. ‘संमतीने व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीच्या बाबतीत पोलिसांनी हस्तक्षेप करू नये’ ही वर्तमानपत्रांनी मथळ्यात घेतलेली शिफारस त्या चारांतलीच होती. त्यामुळे तो प्रश्न मिटलेला नाही. उरलेल्या सहा मात्र राज्यांना बंधनकारक करण्यात आल्या. अत्याचार झालेल्या वेश्येला इतर कोणत्याही पीडितेप्रमाणे तत्काळ वैद्यकीय मदत द्यायची. इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा शोध घेऊन त्यांना सोडायचे. पोलिसांनी त्यांच्याशी माणुसकीने वागायचे. माध्यमांनी त्यांची ओळख उघड करायची नाही. निरोध जवळ सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा मानायचा नाही. विधी सेवा प्राधिकरणांनी त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगायचे. संसद कायदा करीपर्यंत हे निर्देश लागू आहेत.

संसदेने करायचे काम स्पष्ट आहे : आठवे कलम रद्द करणे, दोन-तीन स्त्रियांनी स्वतःसाठी चालवलेली जागा कुंटणखान्याच्या व्याख्येतून वगळणे, चौथ्या कलमातून आई-वडील व मुले यांना बाहेर काढणे, आणि तस्करी, जबरदस्ती व अल्पवयीनांचा वापर यांवरची कलमे जशीच्या तशी ठेवणे. परवाना, नोंदवही आणि सक्तीची तपासणी यांना त्यात जागा नको. पण महाड-पोलादपूरला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. महामार्गावरच्या लॉजमध्ये मार खाल्लेली बाई तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आली, तर ‘तू तिथे का गेली होतीस’ हा प्रश्न न विचारता तिची तपासणी आणि उपचार करणे डॉक्टरांवर आजच बंधनकारक आहे. तिची फिर्याद घेणे पोलीस ठाण्यावर बंधनकारक आहे. तिचे नाव किंवा फोटो न छापणे स्थानिक बातमीदारावर बंधनकारक आहे. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमानुसार, उत्पन्न किती हे न पाहता, प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. महाडच्या वकिलांनी तालुका विधी सेवा समितीमार्फत हा हक्क या स्त्रियांपर्यंत पोहोचवावा, हे काम कुठल्याही नव्या कायद्याविना उद्या सकाळी सुरू होऊ शकते.